मैनाच्या पायावरची पांढरी रेघ

मैनाच्या उजव्या मागच्या पायावर, घोट्याच्या चार बोटं वर, पांढऱ्या केसांची एक बारीक रेघ आहे. बाकी घोडी सगळी तांबडी, त्यामुळे ती रेघ लगेच डोळ्यात भरते आणि बघणारा हमखास विचारतो, जन्मापासूनच आहे का हो? आधी मी हो म्हणून मोकळी व्हायचे. आता खरं सांगून टाकते, ही मी पाडलेली आहे. बँडेज बांधून.

झालं असं की कुठेतरी तिला खरचटलं होतं, जखम जेमतेम दोन इंच, वरवरची, रक्तसुद्धा आपोआप थांबलेलं. मी धुतली, मलम लावलं, वर गॉज ठेवला, कापसाचा एक पातळ थर दिला आणि क्रेप बँडेज गुंडाळलं. तासाभरात ते घसरून खुराशी गोळा झालं, सैल झालेला मोजा उतरतो ना तसं. परत बांधलं, परत घसरलं. तिसऱ्यांदा मला आला राग आणि मी दातओठ खाऊन असं आवळलं की आता बघू कसं घसरतंय. नाहीच घसरलं. सकाळी जाऊन बघते तर मैना तो पाय सारखा आपटतेय, बँडेजच्या वर सूज, खाली सूज, आणि मधे पाय करकचून आवळलेला. सोडलं तर कातडीवर क्रेपच्या कडेचा खोल वळ. गंमत म्हणजे मूळ जखम आठ-दहा दिवसांत भरून गेली, जागासुद्धा आता सापडत नाही. वळाच्या जागची कातडी मात्र मेली, खपली धरली, महिनाभर चिघळत राहिली आणि नंतर तिथे केस आले ते पांढरे. डॉक्टरांनी टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोरीची, सोनोग्राफी केली, ते शाबूत निघालं. मला म्हणाले, "जखम घोडीने केली होती, इजा तुम्ही केलीत." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तर त्यानंतर जे शिकले, काही डॉक्टरांकडून, काही आमच्या नालबंद काकांकडून आणि बरंचसं चुका करून, ते लिहून ठेवतेय. घोडा पाळणाऱ्याला कधी ना कधी हे काम येतंच, आणि येतं ते बहुतेक वेळा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी.

आधी पाय समजून घ्या. घोड्याच्या पुढच्या गुडघ्याच्या खाली, आणि मागच्या पायाच्या त्या टोकदार कोनाच्या म्हणजे हॉकच्या खाली, मांस असं जवळजवळ नसतंच. हाड, त्याच्या मागून दोरखंडासारखी खाली जाणारी टेंडन्स, लिगामेंट्स, रक्तवाहिन्या, आणि त्यावर थेट कातडी. स्वतःच्या नडगीवर बोट दाबून बघा, मग पिंडरीवर दाबून बघा. पिंडरीवर पट्टी जरा घट्ट झाली तरी मांस ती सोसतं, नडगीवर सोसायला काही नाही. घोड्याचा खालचा पाय चारी बाजूंनी नडगीच आहे. त्यामुळे पट्टीची एखादी कड रुतली किंवा एक वेढा जास्त ताणला गेला की सगळा दाब थेट टेंडनवर आणि रक्तवाहिन्यांवर. टेंडनला असा दाब बसून ते मागून धनुष्यासारखं फुगतं, त्याला घोडेवाले बँडेज बो म्हणतात, आणि ते सगळं नुसत्या बँडेजमुळे होतं, घोडा धावलेला नसतो की पडलेला नसतो.

म्हणजे बँडेज टिकतं ते कापसामुळे. घसरत असेल तर आवळायचं नाही, कापूस वाढवायचा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मैनाचा पाय पूर्ण तांबडा राहिला असता.

बांधायला घेण्याआधी एक गोष्ट ठरवायची, हे आपलं काम आहे की डॉक्टरांचं. जखम सांध्याच्या जवळ असेल तर ती कितीही छोटी दिसू दे, फोन करा. जखमेतून पिवळसर, बोटाला लावून ताणलं तर तार सुटते असं चिकट पाणी येत असेल तर तो सांध्याचा किंवा टेंडनच्या आवरणाचा द्रव असू शकतो, तिथे इन्फेक्शन गेलं तर घोडा जातो, तिथे उद्या बघू चालत नाही. रक्त चिळकांडी मारत असेल, हाड किंवा टेंडन दिसत असेल, घोडा पायावर भारच देत नसेल, जखम छोटी पण खोल भोसकल्यासारखी असेल, तरी तेच. तोवर बँडेज करायचं ते फक्त रक्त थांबवायला आणि जखम झाकायला. रक्त थांबवताना स्वच्छ कपड्याची जाड घडी दाबून धरायची, वर कापूस, वर पट्टी, आणि भिजली तरी खालची घडी काढायची नाही, वर अजून ठेवायची. काढलं की जमलेली गुठळी निघून येते आणि परत पहिल्यापासून सुरू. रक्त बघून घाबरायला होतं, पण ४५०-५०० किलोच्या घोड्यात ३५ लिटरच्या आसपास रक्त असतं, बादलीभर पाण्यात थोडं मिसळलं तरी सगळी बादली लाल दिसते. घाबरण्यापेक्षा दाबून धरा.

खुरात खिळा घुसलेला दिसला तर हात शिवशिवतो उपटायला. उपटू नका. डॉक्टर लवकर येणार असतील तर खिळा तसाच ठेवून एक्स-रे काढता येतो आणि तो आत कुठवर, कुठल्या दिशेला गेलाय ते कळतं, कारण खुराच्या तळातून दोन-तीन सेंटीमीटर आत गेलं की हाड, टेंडन, सांधा, सगळी महत्त्वाची मंडळी तिथेच राहतात. काढलात तर भोक मिटतं आणि मग अंदाजपंचे. तोवर घोड्याला चालवायचं नाही, आणि खिळा अजून आत जाऊ नये म्हणून त्याच्या शेजारी खुराला लाकडाचा तुकडा किंवा जाड घडी बांधायची. अगदीच काढावा लागला तर आधी फोटो काढा, किती आत होता त्याची खिळ्यावर खूण करा, आणि खुरावर ती जागा मार्कर पेनने दाखवून ठेवा.

आणि टिटॅनस. घोड्याला टिटॅनस फार पटकन होतो, जे जंतू लागतात ते मातीत आणि लिदीत असतातच. शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते आठवत नसेल तर दिलेलंच नाही असं समजून डॉक्टरांना तसं सांगा.

आता घोड्यापाशी कसं उभं राहायचं. खाली मांडी घालून बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, उकिडवं किंवा कमरेत वाकून काम करायचं, म्हणजे एका क्षणात बाजूला होता येतं. मी गुडघे टेकायचे, एकदा माशी चावली म्हणून मैनाने पाय झटकला आणि तिचा खूर माझ्या गुडघ्याच्या वीतभर बाजूला जमिनीवर आपटला, तेव्हापासून नाही टेकत. एक हात कायम घोड्याच्या अंगावर, म्हणजे ती हलणार असेल तर डोळ्यांआधी हाताला कळतं. डोकं पायाच्या समोर नाही, बाजूला. म्होरकी धरणारा माणूस तुम्ही ज्या बाजूला आहात त्याच बाजूला उभा हवा, कारण त्याने डोकं आपल्याकडे ओढलं की घोड्याचा मागचा भाग तुमच्यापासून लांब जातो, पलीकडच्या बाजूला उभा असेल तर नेमकं उलटं होतं. माझा भाचा धरायला असतो, त्याला दोनच गोष्टी सांगून ठेवल्यात, मोबाईल खिशात, आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही. एकटेच असाल तर घट्ट गाठ मारून बांधू नका, एका झटक्यात सुटणारी गाठ मारा. आणि घोडा अगदीच ऐकत नसेल तर सोडून द्या, डॉक्टर गुंगीचं देऊन पाच मिनिटांत करतात.

धुवायला साधं मिठाचं पाणी पुरतं. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं आणि त्यात ९ ग्रॅम मीठ, झालं सलाईन. मोठ्या सिरिंजने, सुई न लावता, मध्यम जोराने मारायचं, चिखल आणि केस सुटून येईपर्यंत. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर एक लिटरला १० मिली, रंग फिकट चहासारखा दिसला पाहिजे. गडद घातलं की जास्त जंतू मरतील असं वाटतं पण जखमेच्या स्वतःच्या पेशी पण मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा तो फेस बघायला बरा वाटतो, जखमेला नाही. स्पिरिट तर नकोच, लाथ खाल आणि वर चूक तुमचीच असेल. जखमेच्या कडेचे केस कापायचे असतील तर आधी जखमेत पाण्यात विरघळणारं जेल भरा, कापलेले केस त्याला चिकटतात आणि धुतलं की जेलसकट निघून जातात. आणि डॉक्टर येऊन टाके घालणार असतील तर तुमचं आवडतं मलम, पावडर, जांभळा स्प्रे, काही लावू नका, धुवा आणि झाका.

आता मुख्य काम, खालच्या पायाचं बँडेज.

सगळं सामान आधी काढून, पुड्या फोडून, हाताशी ठेवायचं. घोड्याच्या पायाला अर्धवट गुंडाळलेला रोल धरून दुसऱ्या हाताने पुडी फोडायला गेलात की रोल पडतो, उलगडत घोड्याच्या पोटाखालून पलीकडे जातो आणि घोड्याला तो साप वाटतो, हे अनुभवाचे बोल. व्हेट रॅप, म्हणजे स्वतःलाच चिकटणारी ती ताणणारी पट्टी, ती तर मी आधी पूर्ण उलगडून परत सैल गुंडाळून ठेवते, कारण कारखान्यातून येते ती इतकी घट्ट गुंडाळलेली असते की सोडवताना आपोआप ताणली जाते, आणि तो सगळा ताण पायावर जातो. डॉक्टरांनी पहिल्यांदा हे करून दाखवलं तेव्हा मला वाटलं वेळ घालवतायत. घरी येऊन दोन्ही प्रकारे स्वतःच्या मनगटावर बांधून बघितलं, न उलगडता बांधलेल्या हाताला दहा मिनिटांत मुंग्या. तुम्हीही बघा, फरक कळेल.

पाय आणि खूर आधी कोरडे हवेत. जखमेवर न चिकटणारं ड्रेसिंग, नुसता कोरडा गॉज ठेवला तर उद्या काढताना नवी आलेली कातडी त्याला चिकटून येते. ड्रेसिंग जागेवर राहायला मऊ गॉजचा रोल एक-दोन वेढे, अगदी हलका, नुसतं धरून ठेवण्यापुरता. मग कापूस. दाबण्याआधी दोन ते तीन सेंटीमीटर जाडी हवी, बघताना हे जरा जास्तच झालं असं वाटलं पाहिजे, हत्तीचा पाय दिसला पाहिजे. सुरकुती नको, गाठ नको, कुठे जाड कुठे पातळ नको. आणि गुडघ्याच्या जरा खालपासून सुरू करून घोटा झाकून त्याच्याही खाली जाऊ द्या. मी पहिल्यांदा फक्त जखमेपुरतं, नडगीच्या मधोमध बांधलं होतं, म्हणून ते घसरत होतं आणि म्हणूनच खाली सूज आली. घोट्याचा गोल भाग आत घेतला की बँडेजला बसायला जागा मिळते.

कापसावर आधी गॉजचा किंवा मऊ क्रेपचा एक थर, कापूस दाबून एकसारखा बसवायला, आणि मग व्हेट रॅप. १० सेंटीमीटर रुंदीचा चांगला, अरुंद पट्टी दोरीसारखी रुतते. सुरुवात नडगीच्या बाजूवर, मागच्या टेंडनवर पट्टीचं टोक कधी नाही. दिशा म्हणाल तर समोरून बाहेरच्या बाजूला, तिथून मागे, मागून आतल्या बाजूने परत पुढे. दोन्ही पायांना हाच नियम, म्हणजे वरून बघितलं तर डाव्या पायाला घड्याळाच्या उलट आणि उजव्याला घड्याळासारखं फिरतं. जुने लोक या दिशेवरून भांडतात, माझ्या मते ताण एकसारखा असेल तर दिशेने आभाळ कोसळत नाही, पण कापूस एका दिशेने आणि पट्टी उलट दिशेने गुंडाळली तर खालचा कापूस चुरगळतो, ते मात्र नको. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या पट्टीवर चढवायचा. ओढायचं ते समोरच्या हाडावरून जाताना, मागे टेंडनवर आलं की पट्टी नुसती ठेवत जायची, तिथे हिसका नाही. पट्टी जितकी ताणली जाऊ शकते त्याच्या निम्मी ताणायची, व्हेट रॅपच्या अंगावर बारीक चुण्या असतात, त्या पूर्ण सपाट झाल्या की समजा जास्त झालं.

वर आणि खाली कापूस पट्टीच्या बाहेर बोटभर दिसला पाहिजे. कापूस नसताना पट्टीची कड थेट कातडीवर आली की काय होतं ते सुरुवातीलाच सांगितलंय. शेवटी वरच्या कडेतून एक बोट आत घालून बघायचं, जरा जोर लावून जायला हवं. आरामात दोन बोटं गेली तर घसरणार, एकही जात नसेल तर सोडा आणि पहिल्यापासून बांधा. हो, पहिल्यापासून. सगळं छान झालंय, पंधरा मिनिटं लागलीत, कंबर गेलीय, तरी सोडायचं. भुसा, माती आत जाऊ नये म्हणून वरच्या कडेला चिकटपट्टी लावतात, अर्धी बँडेजवर अर्धी केसांवर, पण ती ताणणारी घ्या आणि न ताणता लावा. डक्ट टेप पायाभोवती गोल कधी नाही, ती ताणली जात नाही, पाय सुजला की ती पाश होते.

बँडेज झालं की लगेच सोडून देऊ नका, दोर हातात धरून चार पावलं चालवा. विशेषतः मागच्या पायाला पहिल्यांदा बांधलं की घोडा पाय असा काही उचलतो, पोटापर्यंत, परत झटकतो, परत उचलतो, मैना तर कवायतीला निघाल्यासारखी चालली होती आणि भाच्याला हसू आवरेना. दोन-तीन मिनिटांत सवय होते. तेवढा वेळ मागे उभं राहू नका.

गुडघ्याचं आणि हॉकचं बँडेज मी घरी करत नाही. गुडघ्याच्या मागे एक हाड बाहेर आलेलं असतं, हॉकला ते टोक असतं, दोन्ही ठिकाणी पट्टीचा दाब बसला की कातडी फाटते, आकड्यातल्या आठसारखं फिरवून ती जागा मोकळी सोडावी लागते. डॉक्टर करताना दहादा बघितलंय, हात अजून बसलेला नाही.

दुसरा पाय विसरू नका. एक पाय दुखतोय म्हणजे जोडीच्या पायावर जास्तीचा भार, आणि हे दिवसेंदिवस चाललं तर त्या चांगल्या पायाच्या खुरात लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह, होऊ शकतो, तो मूळ दुखण्याहून वाईट. म्हणून जोडीच्या पायालाही आधाराचं बँडेज, तितक्याच कापसाचं, आणि खाली जाड मऊ अंथरूण. रोज दोन्ही खुरांना हात लावून बघायचा, गरम लागतो का, आणि घोट्याच्या मागच्या बाजूला दोन्ही कडांना बोट ठेवून नाडी बघायची. निरोगी पायात ती जेमतेम सापडते, शोधावी लागते. टाकटाक उडत असेल तर खुरात काहीतरी पेटलंय.

अशीच टाकटाक नाडी लागली होती मैनाच्या पुढच्या डाव्या पायाला, आणि इथून खुराची गोष्ट सुरू होते. रात्री ठणठणीत होती, सकाळी पाय नुसता टोकावर टेकवून उभी, पाऊल टाकायला तयार नाही. मला वाटलं हाड मोडलं. रडायलाच आले होते. नालबंद काका आले, चिमट्याने खुराच्या कडेकडेने दाबत गेले, एका जागी दाबल्याबरोबर तिने पाय हिसकावला. "ताई, मोडलंबिडलं काही नाही, आत गळू आहे." चाकूने जरासं कोरलं आणि राखाडी-काळं पाणी आलं, वास असा की भाचा बाहेर गेला. घोडा अचानक असा कमालीचा लंगडायला लागला तर बहुतेक वेळा खुरातलं गळूच निघतं म्हणे, खुराचं कवच कडक, पूला पसरायला जागा नाही, म्हणून एवढा ठणका. पण कोरायचं काम त्यांचं किंवा डॉक्टरांचं, आपण घरी चाकू घेऊन बसायचं नाही. आपलं काम त्यानंतरचं, ते भोक उघडं ठेवणं, पू ओढून घेणं आणि घाण आत जाऊ न देणं.

त्यासाठी शेक. हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात एप्सम सॉल्ट भरपूर, खूर बुडवून पंधरा-वीस मिनिटं. भांडं रबराचं किंवा मऊ प्लास्टिकचं, कडी असलेली लोखंडी बादली नको, कडीत पाय अडकला तर बादलीसकट घोडा उधळतो. एक-दोन दिवस पुरे, रोज भिजवत राहिलं तर खूर पाव चहात बुडवल्यासारखा भुसभुशीत होतो. मग पोटीस, म्हणजे पू ओढून घेणारा ओला लेप. तयार पोटिसाची गादी मिळते, गरम पाण्यात बुडवून, पिळून, खुराच्या आकाराची कापून फक्त तळाला लावायची. वरती कातडीपर्यंत जाऊ द्यायची नाही, कातडी भिजून फुटते.

पोटिसावर लहान बाळाचं डायपर. हसू नका, याच्याइतकी खुरासाठी बनवल्यासारखी दुसरी वस्तू नाही, आत ओल शोषते, बाहेर प्लास्टिक, आणि चिकटवायच्या पट्ट्या आयत्या. लांब बाजू खुराच्या पुढून मागे, तळ मधोमध, पट्ट्या पुढे आणून चिकटवायच्या. टाचेच्या मागच्या दोन मऊ गोळ्यांवर आधी कापूस ठेवा, तिथे सगळ्यात आधी घासतं. त्यावर व्हेट रॅप, तळावरून तिरका आठच्या आकड्यात. आणि इथे एक रेषा लक्षात ठेवायची, खूर संपून केस सुरू होतात ती, कोरोनेट. खूर तिथून वाढतो, महिन्याला सेंटीमीटरभरही नाही, आणि ती जागा आवळली गेली तर त्याचा परिणाम पुढे महिनोन् महिने खुरावर दिसतो. घट्ट जे काही करायचं ते खुराच्या कडक भागावर, केसांवर पट्टी आली तर सैल आणि खाली कापूस.

शेवटी डक्ट टेप, कारण ४०० किलोच्या वर वजनाचा घोडा त्याच बँडेजवर पाय टाकून फिरणार. टेपचे तुकडे खुरावर एकेक करून लावत बसलात तर पाय धरून हात मोडतील. आधीच तबेल्याच्या दारावर गादी बनवून ठेवायची. फूटभर लांबीच्या पट्ट्या, एकीवर एक अर्धी चढवत, सहा-सात उभ्या, मग त्यांच्यावर तशाच सहा-सात आडव्या. चौकोन झाला की चारही कोपऱ्यांतून मधोमध जाणारी चीर द्यायची, पण मध्यापासून चार-पाच बोटं आधी थांबायचं. दारावरून सोलून काढला की तळाला लावायचा, पाय खाली ठेवायचा म्हणजे वजनाने चिकटून बसतो, परत उचलून चारही बाजू वर दुमडायच्या आणि खुराच्या कडक भागाभोवती टेपचे दोन-तीन वेढे. बूट तयार. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला आणि मैनाने दोन तासांत तो फेकला, कारण पुढच्या टोकाला टेप एकपदरी होती आणि तिथूनच ती झिजते. आता टोकाला चार पट्ट्या जास्त लावते, दहा मिनिटांत होतं, दिवसभर टिकतं.

पोटीस १२ ते २४ तासांत बदलायचं. पायाचं बँडेज सुरुवातीला रोज, डॉक्टरांनी सांगितलं की दोन-तीन दिवसांनी. पण भिजलं, घसरलं, वास आला, वरून किंवा खालून सूज दिसली, घोडा ते चावायला लागला, किंवा कालपेक्षा जास्त लंगडायला लागला, तर ठरलेल्या वेळेची वाट बघायची नाही, त्या क्षणी सोडायचं. चावणं म्हणजे खोडी असं आम्ही आधी धरून चालायचो. बऱ्याचदा ते त्याचं सांगणं असतं की आत दुखतंय. सकाळ-संध्याकाळ ताप बघायची सवय ठेवा, ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस नॉर्मल, आणि वेदनेचं औषध डॉक्टरांनी जेवढं सांगितलं तेवढंच, आज जरा जास्त लंगडतेय म्हणून डोस वाढवला तर लंगडणं झाकलं जातं आणि खाली काय चाललंय ते कळत नाही. खालच्या पायाच्या जखमेत कातडीच्या वर गुलाबी मांस फुगून यायला लागलं तर तेही दाखवा. घोड्यात ते फार येतं, आणि त्यावर जाळणारी पावडर टाकायचे सल्ले देणारे पण फार येतात.

सोडताना गोल गोल उलगडत बसू नका. बोथट टोकाची बँडेजची कात्री, बाहेरच्या बाजूने, नडगीच्या हाडावर किंवा टेंडनवर नाही तर त्या दोघांच्या मधल्या खाचेवरून, कात्रीचं टोक कायम कापसाच्या वरून. सगळं एकत्र सालासारखं निघून येतं. निघालेलं फेकण्याआधी आतली बाजू बघा आणि वास घ्या, नाक मुरडत का होईना. पू किती, रंग काय, कालपेक्षा कमी की जास्त. मी मोबाईलवर रोज एक फोटो काढते, त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी धरून. डॉक्टरांना "बरं वाटतंय" एवढंच सांगण्यापेक्षा सात फोटो ओळीने दाखवलेले बरे.

मैनाचं पोटीस पाच दिवस चाललं. पाचव्या दिवशी गादी कोरडी निघाली, काकांनी भोकात आयोडीनचा कापूस ठासला, वर आठवडाभर नुसता कोरडा बूट. शेवटचा बूट मी कापायला बसले, म्हणजे उकिडवी बसले, तर बाईसाहेबांनी मान वळवून माझ्या पाठीवर नाक घासलं आणि माझ्या खिशातली कात्रीची पिशवी उचलून लिदीत टाकली.